चुकांच्या पुस्तकातलं चौदावं पान

घानातल्या तेमा शहरात फ्रीज दुरुस्ती शिकवणाऱ्या आमच्या सेंटरमध्ये प्रत्येक तुकडीत बारा जण असतात. बारा स्टुलं, बारा गॉगल, बारा जोडी हातमोजे. तेरावा घ्यायचा म्हटलं तर पैसे देणाऱ्या तीन देशांच्या सह्या लागतात. तरीसुद्धा गेली सात वर्षं मी जेव्हा जेव्हा 'तेमाचा अपघात' हा धडा घेतो, तेव्हा तेव्हा डोकी तेरा भरतात. शेवटच्या रांगेत, खिडकीकडे, एक जण जास्त असतो. पुन्हा मोजलं की बारा. तुम्ही म्हणाल, एबो म्हातारा झाला, नजर गेली त्याची. नजर शाबूत आहे माझी. तांब्याच्या नळीवरची सुईच्या टोकाएवढी गळती मला अजून चष्म्याशिवाय दिसते.

तो तेरावा कोण, ते मला ठाऊक आहे. कॉम्प्रेसर सुरू झाला की तो दातांच्या फटीतून हलकी शीळ घालतो. तशी शीळ तेमात एकच माणूस घालायचा, आणि त्याला पुरायला मी गेलो होतो.

यंदाच्या तुकडीत नेमकं खिडकीकडच्या स्टुलावर एक मुलगी येऊन बसली. हजेरी घेताना मी नाव वाचलं, कोर्कोर लारिया, आणि पुढचं नाव वाचायचं विसरूनच गेलो.

"हजर," ती म्हणाली. "आयिते लारियाची मुलगी मी. मास्तर, तुम्ही आणि बाबा एकाच उस्तादाकडे शिकलात ना?"

"हो. एवढीशी होतीस तू."

"दहा वर्षांची होते. तुम्ही येताना मक्याची केंके आणि तळलेली मासळी आणायचात. तेव्हा तुमचं पोट एवढं नव्हतं."

सगळा वर्ग खिदळला. मीही हसलो. हसता हसता मी हजेरीच्या वहीत मान घातली.

आयिते आणि मी बोचवे उस्तादांकडे चार वर्षं होतो. उस्ताद शाळेची पायरी चढले नव्हते. नाक, कान आणि बोटं, एवढीच त्यांची हत्यारं. त्यांनी आम्हाला गळती शोधायला शिकवलं ते ज्योतीने. बत्ती पेटवायची आणि तांब्याच्या नळीवरून हळूहळू फिरवत न्यायची. जिथे ज्योत हिरवी होते, तिथे गळती. जुना वायू पेटत नाही, उलट आगच विझवतो, त्यामुळे भीती कसली ती नव्हती. अंधाऱ्या खोलीत ती हिरवी ज्योत दिसली की आयिते लहान मुलासारखा हसायचा. "बघ एबो, बोलली!" म्हणायचा.

हात त्याचा, तोंड माझं, असं उस्ताद म्हणायचे. शिक्षण संपलं, रिवाजाप्रमाणे उस्तादांनी अंगावर पावडर उधळून आम्हाला मोकळं केलं, आणि वर्षभरात सगळं गिऱ्हाईक आयितेकडे जायला लागलं. तो यंत्राला कान लावून, शीळ घालत, दुखणं सांगायचा. मी इंग्रजीत सांगायचो. गिऱ्हाइकाला इंग्रजी नको होती, थंड मासळी हवी होती. मला त्याचा राग यायचा. दोस्त होता, जिवाला जीव देणारा होता, तरी यायचा. हे आज लपवण्यात काही अर्थ नाही.

मग परदेशी लोकांचा पहिला कोर्स आला. जुना वायू आभाळाला घातक, वीजही फार खातो; त्याच्या जागी नवा वायू शिकवायचा होता. आमच्या मेकॅनिकांच्या संघटनेने मला पाठवलं, कारण इंग्रजी. तिथे जर्मनीच्या आनेग्रेट बाई होत्या. उंच, लालबुंद, आणि आमची भाषा अशी बोलायच्या की बाजारातल्या बायका त्यांना मुद्दाम दोनदा बोलायला लावत. बाईंनी आम्हाला दाखवलं, तेच यंत्र, तीच थंडी, पण मीटर दमाने फिरतोय. ते दिवस दुमसोरचे होते, वीज आली आली म्हणेपर्यंत जायची. असं यंत्र म्हणजे सोन्याहून पिवळं. एकच अट होती: हा वायू पेटतो. आणि त्याला वास नसतो, कारण स्वयंपाकाच्या गॅसला जसा मुद्दाम वास घालतात, तसा याला घातलेला नसतो. म्हणून ज्या यंत्रात तो भराल, त्याच्यावर लाल त्रिकोणाचं लेबल लावायचं. ज्वाळेचं चित्र, वायूचं नाव, तारीख.

"वायू भरायला विसरलात तर मासळी सडेल," बाई म्हणाल्या होत्या. "लेबल लावायला विसरलात तर माणूस मरेल."

मी विसरलो नाही. एसेनाम मावशीच्या मासळीच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या मोठ्या फ्रीजरमध्ये मी नवा वायू भरला. बाईंचा फोटोवाला आला होता, त्याच्यासमोर लेबल लावलं, त्याच्याकडे बघून दात काढले. ती मंडळी गेल्यावर ब्लेडने लेबल खरवडून टाकलं.

आमच्या धंद्यात याला कोणी गुन्हा मानत नाही, शहाणपण मानतात. प्रत्येक मेकॅनिक यंत्रावरचे आकडे, नावं, खुणा खरवडतो, म्हणजे दुसऱ्याला कळू नये आणि गिऱ्हाईक आपल्याकडेच परत यावं. एक आयिते सोडून. तो उलट यंत्राच्या पाठीवर वाकड्यातिकड्या अक्षरांत सगळं लिहून ठेवायचा. तारीख, वायू, काय बदललं, आणि खाली 'देव मोठा आहे'. आम्ही त्याला हसायचो. मावशीचा फ्रीजर अर्ध्या विजेत कसा चालतो, हे गुपित मला माझ्यापुरतं ठेवायचं होतं. एक तरी गोष्ट आयितेला येऊ नये आणि मला यावी, एवढंच.

सहा महिन्यांनी, एका शनिवारी, तो फ्रीजर थंड होईना. मी साल्टपाँडला माझ्या मामाच्या अंत्यविधीला गेलो होतो. मावशीने आयितेला बोलावलं. नळी गळत होती, बंद खोलीत वायू साचला होता, वास नाही, लेबल नाही. त्याने उस्तादांनी शिकवलं होतं तेच केलं. बत्ती पेटवली.

तीन दिवस तो इस्पितळात होता. भेटायला जायचा मला धीर झाला नाही. त्याच्या हत्यारांच्या पेटीत अक्पेतेशीची बाटली सापडली, आणि गावाने ठरवून टाकलं, दारू प्यायला होता. ती ताडाची दारू आम्ही दोघंही नळीची टोकं पुसायला वापरायचो, उस्तादांचीच सवय ती. उस्ताद तोवर वारले होते, म्हणून हे सगळ्या तेमात मला एकट्याला सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग स्फोट कशाने झाला? मी गप्प बसलो. बाईंकडे लेबलाचा फोटो होता, म्हणून त्यांनाही वाटलं, नशेत त्याला लेबल दिसलं नाही. अपघाताने गेलेल्याला घरी आणत नाहीत, म्हणून त्याला इस्पितळातूनच परस्पर नेलं. दारूमुळे मेला म्हणून संघटनेच्या माणसांनी शवपेटीला खांदा दिला नाही. मी दिला. लोक म्हणाले, याला म्हणतात दोस्त.

पुढे सेंटर उभं राहिलं, आणि शिकवायला कोण? एबो एसुमन. चोराच्या हाती किल्ल्या. घरी बायको चूल पेटवते, तेव्हा मी अजून अंगणात जाऊन उभा राहतो. ती समजते, मला धूर सोसत नाही.

यंदा आनेग्रेट बाईंनी नवं काढलं होतं. अकरा देशांनी मिळून एक पुस्तक करायचं, आणि प्रत्येक देशाने त्यात आपली एक चूक द्यायची. शहाणपण नको, चूकच. म्हणजे एकाला ठेच लागली तर बाकीचे दहा शहाणे होतील. बांगलादेशाने दिली, पेरूने दिली, सेनेगालने तर हौसेने दोन दिल्या. गुरुवारी अकराही देशांची माणसं तेमात येणार होती, पुस्तक हातात पडणार होतं. घानाची चूक होती चौदाव्या पानावर. ती मी लिहिली होती. जे गाव बोलत होतं तेच लिहिलं. तेच सोपं होतं.

पुस्तक इथल्या मेकॅनिकांना वाचता यावं म्हणून त्यांच्या गा भाषेत आणायचं ठरलं, आणि बाईंनी काम दिलं वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला. मला विचारलंही नाही. मला कळलं ते मंगळवारी दुपारी. वीज गेली होती, पंखे थांबले होते, पोरं सावली शोधत बाहेर पांगली होती. बंद पडलेल्या यंत्रांच्या शांततेत मला शीळ ऐकू आली. मी मान वर केली तर समोर कोर्कोर उभी, हातात कागद.

"मास्तर, एक वाक्य अडलंय."

"वाच."

"'तंत्रज्ञाने मद्यपान केले असल्याने त्याने वायूची खातरजमा न करता ज्योत पेटवली.' हे बाबांबद्दल आहे ना?"

"त्यात नाव नाहीये, पोरी."

"नाव कशाला लागतं? तेमात दुसरा कोण मेकॅनिक असा गेला?"

"जुनी गोष्ट आहे. तू ते पान ठेव बाजूला, दुसरं घे."

"बाकीची झाली सगळी. बांगलादेशची चूक झाली, पेरूची झाली. आपलीच राहिलीय." तिने स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. "आमच्यात दारुड्याला तीन शब्द आहेत, मास्तर. एक मायेने म्हणतात, एक हसत म्हणतात, एक थुंकत म्हणतात. बाबांसाठी कोणता लिहू?"

मी कागद घ्यायला हात पुढे केला. तिने तो दिला नाही.

"तुम्ही पहिल्या दिवशी काय शिकवलंत?" ती म्हणाली. "जुना वायू पेटत नाही. एसेनाम आजीचा फ्रीजर जुना होता, मी जाऊन विचारून आले. मग वीस दारुडे वीस बत्त्या घेऊन गेले असते तरी तो उडाला नसता. म्हणजे आत नवा वायू होता. तो कोणीतरी भरला. आणि त्या वर्षी सगळ्या तेमात तो भरायला येत होता फक्त एका माणसाला."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. वाट बघत होते, तुम्ही सांगाल म्हणून. तुम्ही धडा घेतलात आणि माझ्याकडे न बघता घेतलात. तेव्हा वाटलं, हा माणूस नाही सांगायचा. मग बाईंकडे जाऊन हे काम मीच मागून घेतलं."

मी सांगितलं. लेबल लावलं आणि खरवडलं ते, बाटली कशाची होती ते, खांदा का दिला ते. बोलताना माझे डोळे पुनःपुन्हा तिच्या मागच्या खिडकीकडे जात होते. तिथे कोणी नव्हतं. सगळं ऐकून तिने कागदाची घडी घातली.

"एक राहिलंय," ती म्हणाली. "ते दुकान तुमचं गिऱ्हाईक होतं. बाबा दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला हात लावायचे नाहीत, आई अजून सांगते. मग ते गेले कसे?"

हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, चर्चमध्ये नाही. तुम्हालाही मघाशी सांगताना मी ते गाळलं.

"मावशीने मला फोन केला होता," मी म्हणालो. "अंत्यविधीचे ढोल चालले होते. ती म्हणाली, मासळी सडतेय. मी म्हटलं, आयितेला बोलव, माझं नाव सांग, तो येईल. फोन ठेवताना मनात आलं होतं, की त्याला वायूचं सांगायला हवं. त्याला फोन करायचा होता. मग वाटलं, सांगितलं तर त्यालाही कळेल. वाटलं, हात हुशार आहे त्याचा, निभावेल. मग मला जेवायला बोलावलं आणि मी जेवलो."

कोर्कोर रडेल असं वाटलं होतं, किंवा ओरडेल. समोरचा पाना उचलून तिने माझ्या डोक्यात घातला असता तर मला हायसं वाटलं असतं. तिने हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले.

"चला."

"कुठे?"

"आईकडे."

"आत्ता?"

"नऊ वर्षांनी तुम्ही 'आत्ता?' विचारताय?"

फाटकात आनेग्रेट बाई भेटल्या. हातातल्या पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. मी म्हटलं, चौदावं पान काढा, खोटं आहे ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोर्कोरकडे. त्या काय समजल्या, देव जाणे.

"मग घानाची चूक कोणती घालायची, एबो? गुरुवारी लोक येताहेत."

"मी लिहून देतो. नावासकट."

"कोणाच्या नावासकट?"

"माझ्या."

तेमा न्यूटाउनमध्ये, मासेमारीच्या बंदरामागे, आयितेचं घर आहे. मी नऊ वर्षांत त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. वाटेत भिंतींवर मेलेल्या माणसांची पोस्टरं असतात, वर्षानुवर्षं कोणी काढत नाही. त्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं असेल, अशी मला धास्ती होती. नव्हतं. नंतर कळलं, लावलंच नव्हतं.

देदे वहिनी अंगणात मातीच्या भट्टीवर मासळी धुरवत होती. मला पाहून तिने कपाळावर हात मारला.

"अगंबाई, एबो भाऊजी! वाट चुकलात की काय? मला वाटलं, सेंटरवाले साहेब झाल्यावर तुम्हाला आमच्या मासळीचा वास सोसत नसेल."

"तसं नाही, वहिनी."

"मग कसं? पोरीने काही प्रताप केला? ही बापावर गेलीय, सांगून ठेवते. हात चालतो, तोंड आवरत नाही. बापाचं निदान तोंड तरी गप्प असायचं."

तिने बाकावरची टोपली उचलून मला बसवलं आणि पेलाभर पाणी आणून दिलं. आमच्याकडे पाहुण्याने आधी पाणी प्यायचं असतं. त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत का आलास असं विचारत नाहीत. पाणी संपलं की मात्र कारण सांगायचंच, त्यातून सुटका नाही. मी घोट घोट पीत राहिलो. एवढं पाणी मी आयुष्यात कधी पुरवून प्यायलो नव्हतो. कोर्कोर दाराच्या चौकटीला टेकून माझ्या पेल्याकडे बघत होती.

पेला रिकामा झाला.

"हं," वहिनी म्हणाली. "बरं आहे ना सगळं? काय काम काढलंत?"

मी सांगितलं. या खेपेला फोनपासून सुरुवात केली. वहिनी आधी मासे उलटत होती. मग हात थांबले. खालची मासळी करपायला लागली, तिचा वास सुटला, तरी ती हलली नाही. शेवटी कोर्कोरनेच येऊन जाळी उतरवली.

"प्यायला नव्हता?" वहिनीने विचारलं.

"नव्हता."

"थेंबभर पण नाही?"

"त्याने कधीच घेतली नाही, वहिनी. ती बाटली नळ्या पुसायची."

तिने हात कमरेच्या फडक्याला पुसले. हात काळे झालेले, मासळीचे खवले चिकटलेले. माझी नोकरी, संघटना, पुस्तक, कशाबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. मी त्यांची वाट बघत होतो.

"होमोवोच्या सणाला आमच्या दारात पितरांसाठी अन्न शिंपडतात," ती मला म्हणाली, जसं काही मी परगावचाच. "मक्याचं, पाम तेल घालून. दीर शिंपडतो आणि नावं मी सांगते. सासऱ्यांचं सांगते, आजेसासूचं सांगते, पाळण्यात गेलेल्या माझ्या पोराचं सांगते. याचं नाव आलं की मी तोंड मिटून घ्यायची. दीर म्हणायचा, वहिनी, आयितेचं? मी म्हणायची, त्याला दारू पुरते. पदरात पोर टाकून दारूपायी मेला, आता मर उपाशी." तिने वर पाहिलं. "नऊ होमोवो झाले, एबो."

पहिल्यांदाच तिने मला नुसतं एबो म्हटलं होतं.

"मी त्याला नऊ वर्षं उपाशी ठेवलं. आता ते सगळं एकदम कसं वाढू त्याला? सांग की. मास्तर आहेस ना तू?"

कोर्कोर आईजवळ जाऊन खाली बसली. वहिनीने माझ्या हातातला पेला काढून घेतला. ती मला जा म्हणाली नाही, आणि बसही म्हणाली नाही.